चौतीस मीटर

२

यतिनच्या भात्यातले बाण दोनपासून सुरू होत. दोन ते बारा, असे अकरा. कार्बनच्या काळ्या दांड्यांवर, पिसांच्या जरा खाली, पांढऱ्या मार्करने मराठी आकडे घातलेले. तिरंदाजी क्लबातल्या गोऱ्यांना त्याची मोठी गंमत वाटे. "मेट, हे काय, मंत्र लिहिलेत का?" असं कोणीतरी दर वेळी विचारी आणि यतिन दर वेळी तेवढ्याच उत्साहाने सांगे, की हे आमचे आकडे आहेत आणि तुमचेही मुळात तिथूनच आलेत.

असा तो होता. सांगायला बसला की समोरच्याला उठू देत नसे. कॅनडात दोन वर्षं मटेरियल्स इंजिनिअरिंग शिकायला गेला, तिथे एका म्हाताऱ्या प्रोफेसरकडून धनुष्य शिकला, आणि मेलबर्नला परतला तो जणू नवा धर्मच घेऊन. सुपरमार्केटच्या ट्रेमधलं मांस म्हणजे खोटेपणा. खायचं असेल तर स्वतः मारा, आणि मारायचं तर असं मारा की त्या जिवाला कळायच्या आत संपलं पाहिजे. मराठी मंडळाच्या गणपतीत लोक त्याला "या, शिकारी महाराज" म्हणत आणि मोदक वाढताना हळूच विचारत, "चालतो ना तुम्हाला?" क्लबात मात्र त्याचं ऐकलं जाई. वीस मीटर ही त्याने घालून दिलेली मर्यादा. वीसच्या पुढे बाण सोडणारा शिकारी नव्हे, जुगारी, असं तो म्हणे, आणि ऐकणाऱ्यांना ते पटे.

जुलैतल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या शनिवारी दुपारी तो क्रेगीबर्नहून पिकअप भरून निघाला. फोमचं जाड लक्ष्य, प्लायवूडचे तुकडे, जुन्या सोफ्याचं चामडं, स्टीलची पट्टी, आणि तीन छोट्या डब्यांत तीन प्रकारची ब्रॉडहेड्स. ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाचं टोक, ब्लेडसारख्या पात्यांचं. एक दोन पात्यांचं, एक तीन पात्यांचं, आणि तिसरं मिटलेलं जाऊन लागल्यावर उघडणारं. कोणतं सरळ जातं आणि कोणतं खोल जातं, हे मोजून ऑगस्टच्या बैठकीत क्लबापुढे मांडायचं होतं.

मोजायला दोन माणसं लागतात. एक सोडणारा, एक लिहिणारा. लिहायला त्याने सलिलला बोलावलं होतं.

सलिल "येतो" म्हणाला, तेव्हा खरं तर यतिनला बरं वाटायला हवं होतं.

३

सलिल त्याचा शिष्य. ग्लेन वेव्हर्लीत राहायचा, बँकेच्या आयटीत होता, मूळचा चिंचवडचा. यतिनचं ऐकून त्याने धनुष्य घेतलं. यतिनने जे बाण घेतले तेच, त्याच दुकानातून, तेवढेच बारा. आकडे मात्र त्याने इंग्रजी घातले. "माझे हरवले तर ज्याला सापडतील त्याला कळायला पाहिजेत ना, गुरुजी," असं म्हणून हसला होता.

एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, दोघं किलमोरच्या पलीकडे नेव्हिलच्या रानात गेले. नेव्हिल म्हणजे सत्तरीचा मेंढपाळ. त्याच्या जमिनीवर फॅलो हरणं फार झाली होती आणि ती त्याचं गवत खात. शिकारीला त्याची हरकत नव्हती, अट एकच: जखमी करून सोडायचं नाही. लागलं तर शोधायचं, कितीही वेळ लागो.

दोघं दोन टोकांना बसले. संध्याकाळी कुंपणाशी भेटले तेव्हा सलिल म्हणाला, "एक सोडला. अठरावरून. गेला वरून, नेच्यांत कुठे घुसला देव जाणे. नऊ नंबर." यतिन म्हणाला, "मी सोडलाच नाही."

चार दिवसांनी नेव्हिलचा मेसेज आला. खालच्या घळीतल्या तळ्याच्या कडेला अर्धा मोडलेला बाण मिळाला, त्यावर वाळलेलं रक्त आणि केस. नंबर नाईन. तुमच्यापैकी कोणाचा?

सलिलने लगेच कळवलं: माझा. मला वाटलं चुकला. सॉरी.

त्या दिवसापासून सलिलने धनुष्याला हात लावला नाही. दर पंधरा दिवसांनी, शनिवारी, तो दीड तास गाडी चालवत नेव्हिलकडे जाई आणि एकटाच त्या घळीत फिरत राही. काय शोधतोस, असं विचारलं तर म्हणे, "हाडं तरी." मे महिन्यात त्याच्या बायकोने, मितालीने, यतिनला फोन केला होता. "तो नीट जेवत नाही रे. झोपेतून उठून बसतो. तुझं ऐकतो तो. तू तरी सांग ना त्याला, की चुकतं माणसाचं."

"सांगतो," यतिन म्हणाला होता.

नेव्हिलचा मेसेज त्याने पहिल्यांदा वाचला तेव्हाच त्याला कळलं होतं. गोऱ्या माणसाला आपला एक हा नऊच दिसणार. वर गोल, खाली शेपूट. सांगायला दोन शब्द पुरले असते. ते त्या दिवशी सांगितले नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं. आठवडा गेल्यावर तर ते शब्द कुठून सुरू करायचे हेच कळेना.

४

नेव्हिल गावात मेंढ्यांच्या विक्रीला गेला होता. शेडला कडी होती, कुलूप नव्हतं. सलिल आधीच येऊन बसला होता, टोपी कानांवर ओढून, मांडीवर पॅड घेऊन. बारीक झाला होता. जॅकेट खांद्यांवरून घसरल्यासारखं दिसत होतं.

"काय गुरुजी, अर्धा तास लेट."

"ह्यूम हायवेला काम चालू आहे रे. किती वेळ झाला तुला?"

"मी सकाळपासूनच आहे. जरा खाली फिरून आलो."

खाली म्हणजे घळीत. यतिनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सामान उतरवायला लागला.

जागा चांगली होती. शेडच्या बाजूला सपाट गवत, पलीकडे मोठी गोल पेंढी, तिच्यापुढे लक्ष्य. त्यामागे उतार, आणि उताराखाली घळ. सूर्य पाठीशी होता. यतिनने टेप धरून वीस मीटर मोजले, खुंटी ठोकली, खुंटीशेजारी सलिलसाठी स्टूल ठेवलं.

"नंबर सांगत जा," सलिल म्हणाला. "मी बाणाप्रमाणे ओळी आखल्यात. एक कुठाय?"

"अं?"

"भात्यात दोनपासून आहेत. एक कुठाय?"

"मोडला. प्रॅक्टिसमध्ये."

"बरं," सलिल म्हणाला आणि पॅडवर काहीतरी लिहिलं.

यतिनने सवयीने रेंजफाइंडर डोळ्याला लावला. मुठीएवढी काळी दुर्बीण. बटण दाबलं की समोरच्या वस्तूचं अंतर काचेत लाल आकड्यांत दिसतं. लक्ष्याच्या मधोमध धरून त्याने बटण दाबलं.

चौतीस.

त्याने यंत्र खाली घेतलं. टेप अजून गवतात पसरलेलीच होती. वीस. पुन्हा बघितलं. चौतीस.

त्याला आधी रागच आला. मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. किरण लक्ष्याच्या कडेवरून निसटून मागे कशावर तरी आदळत असणार. पण मागे तर पेंढी होती, दीड मीटर रुंद. थंडीने बॅटरी उतरली असेल. पण आकडा नेमका चौतीसच का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

"सलिल, बघ रे. किती दाखवतंय?"

सलिलने डोळ्याला लावला. "वीस. का?"

"काही नाही."

"तुला किती दिसलं?"

"वीसच," यतिन म्हणाला.

५

कामाला लागल्यावर मन जरा थाऱ्यावर आलं. आधी साध्या टोकांचे तीन बाण, तुलनेसाठी. मग दोन पात्यांचं ब्रॉडहेड. धनुष्य ताणायचं, श्वास अर्धा सोडायचा, रिलीजचं बटण हळूच दाबायचं. दोरीचा आवाज, मग चामडं फाटल्याचा 'थप्'. यतिन जाऊन पट्टी लावी, ओरडून माप सांगे, आणि सलिल मागून ते परत म्हणत लिहून घेई.

"चार नंबर. एकतीस सेंटिमीटर. डावीकडे दोन बोटं."

"एकतीस. दोन बोटं डावीकडे. पुढे."

दोन पात्यांचं खोल जात होतं, पण जरा भरकटत होतं. तीन पात्यांचं सव्वीस-सत्तावीस. आकडे सरळ, स्वच्छ येत होते. आकड्यांत काही लपवावं लागत नाही, हे यतिनला नेहमीच आवडायचं.

मधूनमधून तो रेंजफाइंडर लावून बघत होता. गरज नव्हती. खुंटी हलली नव्हती, लक्ष्य हललं नव्हतं. पण दातात काही अडकलं की जीभ तिकडे जाते तसा हात तिकडे जात होता.

एकोणतीस.

दुसऱ्या फेरीनंतर, चोवीस.

घळीतून धुकं चढत असेल. धुक्यात लेझर फसतं, हे त्याने स्वतः क्लबात सांगितलं होतं. त्याने लक्ष्यापलीकडे नजर ताणून पाहिलं. उतारावर धुकं नव्हतं. गवत कोरडं, पिवळं, प्रत्येक पातं वेगळं दिसावं इतकं स्पष्ट. कुठेही काही नव्हतं. त्याने खिशातली नवी बॅटरी घातली, थंड बोटांनी झाकण फिरवलं.

"काय चाललंय तुझं?" सलिलने विचारलं.

"बॅटरी."

"अच्छा." जरा थांबून सलिल म्हणाला, "यतिन, त्या दिवशी तू यातलं कुठलं लावलं होतंस?"

"कुठल्या दिवशी?"

"ईस्टरला."

"दोन पात्यांचं. मी तेच वापरतो. तुला माहितीये."

"हो. तू सगळ्यांना तेच वापरायला सांगतोस," सलिल म्हणाला.

त्या दिवशी यतिनने तिसरं लावलं होतं. मिटणारं. ते सरळ उडतं, लांबून मारायला सोपं. सकाळी डब्यातून काढताना त्याने स्वतःला सांगितलं होतं, की नुसतं बघू या.

६

तिसऱ्या प्रकाराच्या फेरीआधी त्याने पुन्हा यंत्र डोळ्याला लावलं आणि त्याच्या छातीतून मोठा श्वास सुटला. वीस. बरोबर वीस. बॅटरीच होती तर. त्याला हसू आलं. एवढा वेळ आपण काय काय समजत होतो!

मिटणारी ब्रॉडहेड्स नेमकी गेली. तिन्ही बाण एका मुठीत मावतील इतके जवळ. खोली मात्र एकोणीस, वीस, आणि शेवटचा फक्त चौदा. तो चौदावाला उपटल्यावर दिसलं, की एक पातं उघडलंच नव्हतं आणि दुसरं वाकून दांड्याला चिकटलं होतं.

सलिल स्टुलावरून उठून बघायला आला. त्याने ते वाकडं पातं अंगठ्याने हळूच चाचपलं.

"असं आत झालं तर?"

"आत म्हणजे?"

"प्राण्याच्या."

"तर..." यतिनने पट्टी पुसली. "मरतो. पण उशिरा."

"किती उशिरा?"

यतिनला या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. पुस्तकातलं नव्हे. त्याने मान हलवली. "सांगता येत नाही."

सलिलने बाण त्याच्या हातात परत दिला. मग तो स्टुलाकडे परत गेला.

यतिन उरलेले बाण उपटू लागला. फोममधून बाण ओढला की तो रबरासारखा किंचाळतो, अंगावर काटा आणणारा आवाज. त्या आवाजात सलिल मागून काहीतरी म्हणाला. यतिनला ऐकू आलं नाही. त्याने पाठमोराच हात वर करून "हो हो" म्हटलं आणि शेवटचा बाण ओढला.

खुंटीकडे परतताना तो खाली बघूनच चालत होता. पायांखाली गवत कुरकुरत होतं. आणि चालता चालता त्याच्या लक्षात आलं, की मघाशी जो आकडा बघून आपल्याला हायसं वाटलं, तो काही दुरुस्त झालेला आकडा नव्हता. चौतीस, एकोणतीस, चोवीस. आणि मग वीस. ओळीनेच आला होता.

लक्ष्यापर्यंत आला होता.

तो खुंटीशी पोहोचला, वळला, लक्ष्याकडे तोंड केलं. मागे स्टुलापाशी पॅडवर पेन्सिल घासल्याचा बारीक आवाज येत होता. सलिल लिहीत होता. त्या आवाजाने त्याला धीर आला. त्याने रेंजफाइंडर वर घेतला, लक्ष्याच्या मधोमध धरला, बटण दाबलं.

तेरा.

मधे काही नव्हतं. फक्त लक्ष्याच्या सात मीटर अलीकडची हवा.

७

सूर्य आता पाठीमागे पार खाली आला होता. यतिनची सावली गवतावर लक्ष्याच्या दिशेने लांबच लांब पडली होती, हातातल्या धनुष्यासकट. तिच्या शेजारी दुसरी सावली होती. सलिल उठून त्याच्यामागे येऊन उभा राहिला असावा. पाय काठ्यांसारखे बारीक दिसत होते, पण यावेळच्या सावल्यांचे पाय सगळ्यांचेच बारीक दिसतात. कुशीतून काहीतरी तिरकं बाहेर आलं होतं. पेन्सिल धरलेला हात असेल.

"सलिल," यतिन म्हणाला.

मागून श्वास ऐकू आला. जवळून.

तो वळला नाही. वळून, तोंडाकडे बघून हे बोलणं त्याला जमलं नसतं; समोर लक्ष्य होतं, फाटलेलं चामडं होतं, म्हणून तो बोलू शकला.

"तो बाण तुझा नव्हता रे. नेव्हिलला नऊ वाटला. तो नऊ नव्हता, एक होता. माझा एक."

पेन्सिलीचा आवाज थांबला.

"चौतीस मीटर होतं. मी मोजलं होतं. यंत्रात चौतीस बघितलं, आणि तरी सोडला. हे वाकडं होणारं पातं लावून. मला वाटलं, लागेल. कोण बघतंय?"

एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. ओकारीसारखं सगळं वर येत होतं.

"लागला. पोटात लागला. मी माग काढत गेलो. फार लांब नाही, वॉटलच्या झाडाखाली ती बसली होती. हरिणी होती. जिवंत होती, सलिल. माझ्याकडे बघत होती. बाण कुशीत होता, आणि श्वास घेताना तो वरखाली होत होता. माझ्याकडे अकरा बाण होते. आणखी एक घातला असता की संपलं असतं. एवढंच करायचं होतं. आणि तेवढ्यात तू कुंपणापाशी शीळ घातलीस. मला वाटलं, आता आणखी एक सोडला तर पहिल्याचं सांगावं लागेल. चौतीसचं सांगावं लागेल. म्हणून मी परत आलो. ती मान उचलून बघत होती, मी परत येत होतो तेव्हा."

त्याच्या तोंडाची वाफ समोर हवेत विरली. आणि त्याच्या कमरेच्या उंचीवरून, मागून, आणखी एक वाफ पुढे आली. पांढरी, दाट, गरम. तिला ओल्या केसांचा आणि कुजलेल्या पानांचा वास होता. श्वासाच्या शेवटी बारीक आवाज येत होता, नळीत पाणी अडकल्यासारखा. तो आवाज त्याने आधी ऐकलेला होता.

गवतावरच्या दुसऱ्या सावलीने मान उचलली. लांब मान.

"सलिल?" तो पुटपुटला.

"आलो रे!"

आवाज उजवीकडून, शेडकडून आला. सलिल शेडच्या दारातून बाहेर पडत होता. एका हातात थर्मासचे दोन कप, दुसऱ्या हाताखाली काहीतरी दाबलेलं, आणि दार पायाने लोटताना त्याची तारांबळ चालली होती. साठ पावलं तरी लांब होता. त्याची सावली त्याच्यापाशीच होती.

यतिनने हातातला रेंजफाइंडर नकळत डोळ्याला लावला होता. काचेत सात दिसलं. मग आकडे विझले आणि दोन आडव्या रेघा आल्या.

१

"कोणाशी बोलत होतास?" सलिलने कप पुढे केला. "सांगून गेलो होतो ना, चहा आणतो म्हणून. हो हो म्हणालास."

यतिनच्या मागे आता आवाज नव्हता. वासही नव्हता. स्टूल रिकामं होतं आणि पॅड त्यावर पालथं पडलेलं, उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला. पेन्सिल सलिलच्या टोपीत खोचलेली होती.

आता. यतिन स्वतःला म्हणाला. आत्ताच एकदा बोललास. तेच शब्द. दोन मिनिटं लागतील.

सलिल त्याच्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांखाली काळं, गालाची हाडं वर आलेली. वाट बघणाऱ्या माणसासारखा अगदी शांत उभा होता.

"कोणाशी?" त्याने पुन्हा विचारलं.

"फोन," यतिन म्हणाला. "ऑफिसचा फोन होता."

सलिलने मान हलवली. दोनदा. त्याने आपला कप गवतात ठेवला, दगड बाजूला केला, पॅड उलटवून यतिनच्या हातात दिलं. सगळे आकडे नीट, रांगेत लिहिलेले. बाणांचे नंबर त्याने मराठीत घातले होते. सर्वांत वर, पहिल्या ओळीत, १. त्यापुढे अंतर, नेम आणि खोली असे तीन रकाने कोरे.

"ही ओळ तुझ्यासाठी सोडली होती," सलिल म्हणाला. "दुपारपासून."

मग त्याने काखेतला तुकडा काढला. अर्धा काळा दांडा, पिसं चिकटून गेलेली, त्यांच्याखाली पांढऱ्या मार्करने काढलेला आकडा. यतिन शेपटाला शेवटी जरासा झटका देतो, तसा.

"नेव्हिलने जूनमध्ये दाखवला. तोवर मला बघवत नव्हता. शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलाय त्याने. बघितला आणि वाचला, एवढंच. एक. मला मराठी वाचता येतं, गुरुजी."

"सलिल, मी..."

"सहा आठवडे थांबलो. म्हटलं, सांगेल. तू बोलावलंस तेव्हा मितालीला म्हणालो, आज सांगणार बघ तो. तीनदा विचारलं मी तुला. एक कुठाय विचारलं, अंतर विचारलं, पातं विचारलं."

"मी सांगितलं!" यतिन जवळजवळ ओरडला. "आत्ता, आत्ता सांगितलं सगळं! चौतीसचं, झाडाचं, सगळं! शपथ घेऊन सांगतो, एक शब्द ठेवला नाही!"

"कोणाला?" सलिलने विचारलं.



सलिलने तुकडा पॅडवर ठेवला, टोपीतली पेन्सिल काढून त्याच्याशेजारी ठेवली. "तीन महिने मी शोधलं. आता मी घरी जातो. अजून तासभर उजेड आहे, तू शोध." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर यतिनला त्या रागाला धरून बसता आलं असतं.

गाडीचं दार लागलं. यतिनने रेंजफाइंडर गाडीवर धरला. दोन रेघा. फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या लाल दिव्यांवर धरला. दोन रेघा. पलीकडच्या टेकडीवर, शेडच्या पत्र्यावर, घळीच्या काठावरच्या झाडांवर. जिकडे धरावा तिकडे दोन रेघा. त्यांचा अर्थ तो जाणत होता, क्लबात नव्या पोरांना त्यानेच शिकवला होता: पाच मीटरच्या आतलं हे यंत्र मोजत नाही.

तो स्टुलावर बसला. पॅड मांडीवर घेतलं. पहिल्या ओळीत, अंतराच्या रकान्यात, त्याने ३४ लिहिलं. नेमाच्या रकान्यात लिहिलं, पोट.

तिसऱ्या रकान्याशी त्याचा हात थांबला. आत किती गेला होता, ते त्याने थांबून बघितलं नव्हतं. ते फक्त तिला ठाऊक होतं.

गवतावर, त्याच्या सावलीला खेटून, दुसरी सावली हळूच खाली बसली. मागे, कमरेच्या उंचीवर, नळीत पाणी अडकल्यासारखा श्वास पुन्हा सुरू झाला. यतिनने पेन्सिल तशीच धरून ठेवली आणि मान न वळवता विचारलं,

"किती?"